शेवटचा हात

४ मार्च

इंजिनिअर साहेबांनी आज दोन वह्या दिल्या. एक नव्या मशीनची, रकाने आखलेली: वेळ, दाब, तुकडा नंबर, सही. दुसरी कोरी. "असू द्या मावशी, काही सुचलं तर लिहायला," म्हणाले. मी चव्वेचाळीसची, ते चौतीसचे, आणि मी मावशी. बरं. कोरी वही घरी आणली आणि ही ती वही.

बावीस वर्षं पॉलिशखात्यात काढली. गुडघ्याच्या वाट्या, खुब्याचे गोळे, जे जे माणसाच्या आत बसवतात ते सगळं माझ्या हाताखालून गेलं. आता मालकांनी उचलून मशीनवर टाकलं. म्हणे हात स्वच्छ असलेलं माणूस हवं. मशीन कपाटाएवढं. आतली हवा पंपाने ओढून घ्यायची, मग नायट्रोजनचे कण विजेच्या जोराने धातूवर मारायचे. ते कण धातूत घुसतात आणि त्याची वरची कातडी टणक होते. त्या कणांना आयन म्हणतात. मी तीनदा विचारलं, साहेबांनी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा विचारायची लाज वाटली, म्हणून मान डोलावली.

७ मार्च

ताईला आज दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, गुडघा बदलण्यावाचून गत्यंतर नाही. पण नेहमीच्या वाटीत जे धातू मिसळतात त्यातला एक ताईला सोसत नाही. लहानपणी साधी नकली कर्णफुलं घातली तरी कान सुजून वाहायचे. तेव्हा आम्ही हसायचो, हिला फक्त सोनं चालतं म्हणून. आता हसू येत नाही.

टायटॅनियम तिला चालेल. पण टायटॅनियम घासलं की झिजतं, काळी भुकटी सोडतं, आणि ती सांध्यात साचते. म्हणून ते आधी टणक करून घ्यायला हवं. म्हणजे आमच्या त्या कपाटात घालून. मी डॉक्टरांना म्हटलं, ते मशीन मीच चालवते. ते म्हणाले, मग चाचण्या लवकर पास करा, आम्ही वाट बघतोय. चाचण्या नापास झाल्या तर ताईला दुसरी वाट नाही, काठी आणि गोळ्या, बस्स.

ताई ज्या स्टुलावरून पडली ते स्टूल माझ्या घरचं. एक पाय आखूड. मी त्याखाली कागदाची घडी सरकवत आले, चार वर्षं. कारखान्यात माझ्या हातच्या तुकड्यात तोंड दिसतं, आणि घरात हे. ताई कधी बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१२ मार्च

पहिल्या दोन वाट्या आज मशीनमधून निघाल्या. सहा तास आत होत्या. मी काहीतरी दिसेल म्हणून डोळे ताणून बघत होते. काही नाही. होत्या तशाच वाट्या. उलट एका कडेला तपकिरी झाक, कोणी चहाचं बोट लावल्यासारखी. मी साहेबांना दाखवलं. ते म्हणाले, पंपाच्या तेलाची वाफ असणार, त्याने काही बिघडत नाही.

बिघडत नाही. असं कसं बिघडत नाही?

मी विचारलं, "साहेब, तो जो आत घातला नायट्रोजन, तो पुसला की निघेल का?" ते हसले. "मावशी, हा मुलामा नाही. मुलामा वरून बसतो, म्हणून सुटतो. हे आत रुतलंय. चिमट्याने ओरबाडलं तरी सुटायचं नाही." एवढं मला कळलं. आत गेलेलं ते आत गेलेलं.

साहेब फोनवर गेल्यावर मी जुन्या खात्यातून माझी मऊ चाकी आणि हिऱ्याची पेस्ट आणली आणि दोन्ही वाट्यांना शेवटचा हात दिला. झाक गेली. आमच्या उस्तादांचा नियम आहे: "पोरी, जो तुकडा तुझ्या हातून डब्यात जातो, त्याला शेवटचा हात तुझाच." उस्ताद जाऊन नऊ वर्षं झाली पण खात्यात अजून कोणी हा नियम मोडलेला नाही, आणि कोणी तो बोलूनही दाखवत नाही. श्वास घेतला असं कोणी सांगतं का? मशीनच्या वहीत त्याला रकानाही नाही.

१३ मार्च

आमचे हे नळदुरुस्तीची पिशवी टाकून बसले आणि विचारलं, "आज किती हवा भरली लोखंडात?" मी म्हटलं, लोखंड नाही, टायटॅनियम. "तेच ते. सहा तास धातूला हवा खाऊ घालायची आणि बाहेर काढून बघायचं, जाड झाला का." मी चिडले, पण खरं सांगायचं तर माझ्याही मनात तेच येतं. जे दिसत नाही त्यावर विश्वास कसा ठेवायचा? पॉलिशमध्ये बरं होतं. झालं की दिसायचं.

१५ मार्च

रोज दोन अशा सहा वाट्या झाल्या, आज शेवटचा हात दिलेल्या सहाही घासणीवर चढल्या. घासणी म्हणजे चाचणीचं यंत्र, सहा घरांचं. प्रत्येक घरात एक वाटी प्लास्टिकच्या बैठकीवर पुढेमागे घासत राहते, खाली पाणी. दहा लाख वेळा. अकरा-बारा दिवस लागतात. पाणी नितळ राहिलं तर पास.

साहेब सहाही वाट्या बघून खूश झाले. "डाग नाहीत. मी पंपाला गाळणी बसवली ना, तिचा गुण." मी मान डोलावली. माणसाला आपल्या गाळणीचं कौतुक असतं.

२८ मार्च

सहाच्या सहा नापास. पाणी काळं. साधं काळं नाही, तव्याखालच्या काजळीसारखं.

साहेबांनी सहाही घरांतलं पाणी एकेक करून बघितलं. मग म्हणाले, "टायटॅनियम काही न करता जसंच्या तसं चढवलं असतं तरी असंच पाणी आलं असतं. आत काही गेलंच नाही का?" आणि माझ्याकडे बघितलं, जसं काही मला माहीत असणार. मी मशीनची वही पुढे केली. वेळ बरोबर, दाब बरोबर, सह्या बरोबर. आम्ही दोघं त्या वहीकडे बघत राहिलो.

घरी ताईचा फोन. "पास झालं का गं?" मी म्हटलं, अजून निकाल यायचा आहे. खोटं बोलले. तिला खोटं बोललेलं आवाजावरून कळतं, लहानपणापासून.

१ एप्रिल

मालक आले. मे संपेपर्यंत मुदत. तोवर पास झालं तर ठीक, नाहीतर मशीन जिथून आलं तिथे परत. साहेबांना म्हणाले, "तुमच्या शब्दावर आणलं होतं." साहेबांचे कान लाल झाले. मला त्यांची दया आली. दिवसभर पंप उघडून बसले होते, डबा खायलाही उठले नाहीत.

९ एप्रिल

दुसरा लॉट. आज दोन वाट्या निघाल्या. झाक या वेळी जरा जास्तच, गाळणी असूनसुद्धा. मी ठरवलं की आपल्या बाजूने कसूर नको. शेवटचा हात दुप्पट दिला, मनगट दुखेपर्यंत. ताईचाच गुडघा हातात आहे असं समजून दिला. डब्यात ठेवल्या तेव्हा दोन आरसे ठेवल्यासारखं वाटलं.

उद्या ताईला तपासणीला न्यायचं आहे, रजा टाकली. माझ्या जागी पॅकिंगमधली बाई येईल. तिला मी बजावलं: हातमोजे घाल, बाहेर काढ, डब्यात ठेव, नंबर लिही. तिच्या हातात चाकी द्यायचा तर प्रश्नच नाही.

१० एप्रिल

ताई जिना चढताना कठड्याला दोन्ही हातांनी धरून एकेक पायरी बाजूने चढते, खेकड्यासारखी. मी मागून हात लावला तर म्हणाली, "ढकलू नकोस, सामान नाही मी." डॉक्टरांनी पुन्हा विचारलं, चाचण्यांचं काय. ताईच उत्तर देऊन मोकळी झाली: "होतील. माझी बहीण करतेय." मला खाली बघावं लागलं.

११ एप्रिल

पॅकिंगवालीने कालच्या दोन वाट्या तशाच डब्यात घातल्या होत्या, तपकिरी झाकेसकट. बघून अंगावर काटा आला. हात द्यायला डबा उघडला तेवढ्यात साहेब आले आणि सील लावून घेऊन गेले. आजच्या दोन मात्र मी नीट केल्या. सहापैकी दोन डागाळलेल्या जाणार, त्याला आता इलाज नाही. नापास झाल्या तर त्या होतील, असं मनाशी म्हटलं.

२४ एप्रिल

डोकं चालेनासं झालंय. चार नापास, दोन पास. पास कोणत्या? पॅकिंगवालीच्या. डागाळलेल्या. त्यांच्या घरातलं पाणी पिण्याच्या पाण्यासारखं नितळ. आणि ज्यांना मी जीव ओतून घासलं त्यांची काजळी.

पॅकिंगवाली दिवसभर मिरवत होती. "एकच दिवस आले हो मी." मी तिला चहा पाजला. 

साहेब म्हणाले, "मावशी, डाग असलेल्या पास, चकचकीत नापास. म्हणजे डागातच काही गुण आहे का? तेलाच्या वाफेतच?" मला काय विचारता? मी उलट त्यांनाच विचारणार होते.

२७ एप्रिल

साहेबांनी पंपाची गाळणी काढून टाकली. डाग यावेत म्हणून. ज्या माणसाने महिनाभर डाग घालवायला जिवाचं रान केलं तो आज डाग आणायला धडपडतोय. वाट्या निघाल्या त्या चांगल्याच तपकिरी. साहेब खूश.

मग मला प्रश्न पडला. डाग हवेत म्हणतात तर शेवटचा हात द्यायचा की नाही? बराच विचार केला. डागाचा गुण असेल तर तो आत रुतलेला असणार. साहेबच म्हणाले होते, आत गेलेलं निघत नाही. वरची घाण तेवढी काढली तर गुण कुठे जाणार? म्हणून हलकासा हात दिला. संध्याकाळी साहेब वाटी उजेडात धरून म्हणाले, "दुपारी तर डाग होता." मी म्हटलं, सुकला असेल. का म्हटलं मला माहीत नाही. डाग काय सुकतो?

२८ एप्रिल

झोप आली नाही. इतकी वर्षं साध्या तुकड्याबद्दल मी कधी खोटं बोलले नाही. काल का बोलले?

५ मे

आता मोजून सव्वीस दिवस. त्यात तीन दिवस वाट्या तयार करायला, बारा दिवस घासणीवर. म्हणजे घासणीवरचा हा तिसरा लॉट चुकला तर आणखी एकाला जागा आहे, दोनला नाही.

साहेब डोक्याला हात लावून बसले होते. एकदम म्हणाले, "मावशी, सोडूया हे. मी राजीनामा लिहिलाय."  मला नुसतं बसवेना म्हणून विचारलं, "साहेब, हे जे आत घुसतं, ते किती आत?" दोन महिन्यांत मी हे विचारलंच नव्हतं. आत म्हणजे आत, त्यात काय विचारायचं.

"फार नाही. मायक्रॉनचा दहावा भाग. जेमतेम."

मायक्रॉन मला माहीत आहे. केसाचा सत्तरावा भाग. पॉलिशखात्यात तेच आमचं माप. मी म्हटलं, "एवढंच? मला वाटलं, बोटभर तरी असेल." ते पहिल्यांदा हसले.

घरी येताना मनात काहीतरी टोचत होतं. काय ते सापडेना.

६ मे

सापडलं.

सकाळी ही वही उघडून बसले, कोणत्या दिवशी काय झालं ते जुळवायला. मशीनच्या वहीत नाही ते इथे आहे. १२ मार्च, शेवटचा हात दिला. ९ एप्रिल, दुप्पट दिला. १० एप्रिल, रजा. ११ एप्रिल, साहेब सील लावून घेऊन गेले, हात देता आला नाही. पास झाल्या त्या त्याच दोन.

उस्ताद शिकवायचे, शेवटच्या हातात एक मायक्रॉन जातो. त्याहून जास्त गेला तर तुझा हात जड. बावीस वर्षं मी तो एक मायक्रॉन जपला. माझा हात कधी जड झाला नाही, याचा मला अभिमान.

एक मायक्रॉन. आणि ते आत गेलेलं, मायक्रॉनचा दहावा भाग.

निघत नाही, सुटत नाही, सगळं खरं. मी ते सोडवलं नाही. ज्या कातडीत ते होतं ती कातडीच मी काढून टाकली. सहा तास मशीनने भरायचं आणि दहा मिनिटांत मी कचऱ्यात घालवायचं, आणि वर पाणी काळं का येतं म्हणून त्या साहेबांसोबत उभं राहून बघायचं. ताईचा गुडघा हातात आहे असं समजून मी तो दुप्पट घालवला.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी थट्टा केली नाही. म्हणाले, "जाऊन सांग." मी म्हटलं, काढून टाकतील. "मग काढतील. ताईला काय सांगणार आहेस?"

७ मे

सांगितलं. साहेबांपुढे ही वही उघडून ठेवली, कारण तोंडाने नीट सांगता येईना. त्यांनी १२ मार्चचं पान वाचलं, ९ एप्रिलचं वाचलं, २७ एप्रिलचं वाचलं. चष्मा काढला. शर्टाच्या टोकाने पुसला. पुन्हा घातला आणि पुन्हा ९ एप्रिल वाचलं.

"मावशी, मी पंप चार वेळा उघडला."

"हो."

"गाळणी बसवली. गाळणी काढली. तेलाच्या वाफेवर वीस पानं लिहिली."

मी उभीच होते. मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर सोसलं असतं. ते म्हणाले, "चूक माझीही आहे. आत रुतलंय म्हणालो, किती ते बोललोच नाही. आणि बाहेर काढल्यावर तुम्ही काय करता, हे एकदाही विचारलं नाही."

मालक मात्र बोलले. बावीस वर्षं झाली म्हणून डोक्यावर बसवलं, एका बाईच्या हाताच्या खाजेपायी मशीन परत गेलं असतं, आणि बरंच काही. सगळं रास्त होतं. मी म्हटलं, मला पॉलिशवर परत पाठवा, नाहीतर घरी पाठवा, पण मशीन ठेवा. मालक साहेबांकडे बघू लागले. साहेब म्हणाले, "यांना इथेच राहू द्या. काय केलं ते लिहून ठेवणारं दुसरं कोणी माझ्याकडे नाही."

घासणीवर चढवलेला तिसरा लॉट त्यांनी तिथल्या तिथे उतरवला.

संध्याकाळी ताईकडे गेले आणि तिलाही सगळं सांगितलं. ती ऐकून घेत पायाला तेल चोळत होती. शेवटी म्हणाली, "लहानपणी पाटी पुसून पुसून त्यावरची अक्षरंही घालवायचीस तू." आणि मग, "जेवून जा."

१२ मे

शेवटच्या सहा वाट्या चढल्या. सहाही तपकिरी. मी एकीलाही चाकी लावली नाही. काढताना बोटं शिवशिवत होती. चाकी आणि पेस्ट मी आधीच पॉलिशखात्यात नेऊन दिली होती, जवळ असती तर माझा भरवसा नव्हता.

आता मशीनच्या वहीत नवा रकाना आहे: बाहेर काढल्यावर काय केलं. मी सहाही ओळींत लिहिलं, काही नाही. लिहिताना बरं वाटलं नाही. काही न करणं हे काम आहे हे अजून मला पटत नाही.

२४ मे

पाणी नितळ. सहाही घरांत.

साहेबांनी मला बोलावून प्रत्येक घर दाखवलं. मी वाकून बघितलं. तळाची जाळी दिसत होती. मला रडू आलं आणि मी तिथेच रडले, पॅकिंगवालीसमोर. वाट्या दिसायला अजूनही तशाच. कुठे काही घुसलंय असं मला आजही दिसत नाही. पाण्यावरून मानायचं, एवढंच.

३ सप्टेंबर

खूप दिवसांनी वही उघडली. कागदपत्रं, तपासण्या, सह्या यांत उन्हाळा-पावसाळा गेला. ताईपुरती खास परवानगी मिळाली.

तिची वाटी मशीनमध्ये जाण्याआधीचं पॉलिश मीच केलं. दोन दिवस घेतले. उस्तादांनी बघितली असती तर काही बोलले नसते, आणि ते बोलले नाहीत की समजायचं, जमलं. आज ती मशीनमधून निघाली. बरोबर मधोमध, अंगठ्याएवढा तपकिरी डाग.

मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिले. साहेबांनी विचारलं, "मावशी, ठीक?"

"ठीक नाही. पण ठेवा डब्यात."

१९ सप्टेंबर

आज ताई वॉर्डाच्या दारापर्यंत चालून परत आली. समोर बघत, सरळ. खेकडा गेला.

पलंगावर बसल्यावर म्हणाली, "नर्सला सांगितलंय मी, माझ्या गुडघ्याला माझ्या बहिणीचा हात लागलाय."

"आधी लागला," मी म्हटलं. "नंतर आवरला."

"आवरला? तू?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मग माझा हात ओढून घेतला आणि उलटासुलटा करून बघितला. कुठे दुखलंखुपलं तर नाही ना, ते बघत होती.

घरी येऊन कानस काढली आणि स्टुलाचे चारही पाय सारखे केले. जमिनीवर ठेवून दाबून बघितलं, हललं नाही. वरची फळी खरबरीत आहे. ती तशीच राहू दिली.